बुधवारी कुठे जातो ते घरात सांगायचं का? (मुलगी 13 वर्षं, एकत्र कुटुंब, पुणे)

पेठेतली_आई

नमस्कार, बरेच महिने इथे नुसतं वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर समजून घ्या.

आम्ही सदाशिव पेठेत राहतो. जुना वाडा पाडून बिल्डिंग झाली तेव्हा आम्हाला आणि दिरांना एकाच मजल्यावर समोरासमोर फ्लॅट मिळाले, सासूबाई म्हणाल्या आपल्याआपल्यात दारं कसली लावायची, त्यामुळे सकाळी दूध आल्यापासून रात्री साडेदहापर्यंत दोन्ही दारं सताड उघडी, स्वयंपाक एकत्र, धुणं एकत्र, पोरं कुठल्याही घरात जेवतात कुठल्याही घरात झोपतात. सासूबाई, दीर-जाऊ, त्यांचा इंजिनीअरिंगला असलेला मुलगा, पाचवीतली मुलगी, आम्ही दोघं आणि आमची लेक, अशी आठ माणसं. मला हे घर आवडतं हे आधीच सांगते. लेक सात महिन्यांची असताना मी नोकरीवर परत गेले ते केवळ सासूबाई आणि जाऊबाईंच्या जिवावर, तिला पहिला भात जाऊबाईंनी भरवलाय.

लेक आठवीत आहे. ऑगस्टमधे घटक चाचणीच्या दिवशी वर्गात तिच्या हाताला मुंग्या आल्या, छातीत धडधडायला लागलं, श्वास पुरेना, तिला वाटलं आपण आता मरणार. शाळेतून फोन आला, मी पोचेपर्यंत बरी होती. बाई म्हणाल्या पेपर नकोय म्हणून करतेय. मग दोन आठवड्यांत अजून तीनदा झालं, एकदा तर लक्ष्मी रोडला खरेदीला गेलो असताना. ईसीजी झाला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं की हे पॅनिक अटॅक आहेत, सायकॉलॉजिस्टना दाखवा. एरंडवण्यात एक मॅडम आहेत, दर बुधवारी संध्याकाळी जातो, सहा वेळा झालं आणि खरंच फरक आहे.

प्रश्न असा की घरात यातलं कुणालाच माहीत नाही. ईसीजीचं आम्ही 'अशक्तपणा होता' असं सांगितलं आणि बुधवारचं सांगितलं की चित्रकलेचा क्लास लावलाय. नवऱ्याचं ठाम मत आहे की सांगायचं नाही. त्याच्या धाकट्या काकांना 1983 साली येरवड्याच्या मनोरुग्णालयात ठेवलं होतं, ते परत आले, पण पुढे घरात त्यांचं नाव जरी निघालं तरी विषय बदलायचे आणि वाड्यातली पोरं नवऱ्याला आणि दिरांना 'येरवड्याचे' म्हणून चिडवायची. तो म्हणतो माझ्या पोरीच्या वाट्याला हे नको, उद्या लग्नाच्या वेळीसुद्धा कुणीतरी उकरून काढेल.

मला त्याचं कळतं. पण क्लास म्हटल्यावर सासूबाई विचारणारच ना, आज काय काढलंस, दाखव बघू. म्हणून मॅडमकडून निघालो की आम्ही कमला नेहरू पार्कमधे बाकावर बसतो आणि लेक घाईघाईत एक चित्र काढते. झाड, बाक, घसरगुंडी, जे समोर असेल ते. मागच्या बुधवारी पावसाची भुरभुर होती, मी वहीवर ओढणी धरून उभी होते आणि ती मान वर न करता म्हणाली, "आई आज दोन काढून ठेवू का, म्हणजे पुढच्या आठवड्याचं पण होईल." मला तिथेच रडू आलं. पोरगी ज्या भीतीवर इलाज करायला चाललीये तिच्यासाठी मी तिला खोटेपणाची तयारी करायला लावतेय.

सांगावं का? कुणाला? आणि सांगितल्यावर दहा तोंडं दहा सल्ले देणार ते कसं थोपवायचं?

कोथरूडकर_बाबा

ताई, तुमच्या मिस्टरांच्या बाजूने थोडं बोलतो. तब्येतीची माहिती ही जिची तब्येत तिची असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, लागू झाला मे 2018 मधे, त्यात उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क स्पष्ट दिलाय. 18 वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालक निर्णय घेतात, पण पालक म्हणजे तुम्ही दोघं, आख्खा मजला नाही. आपल्याकडे मुलाला पहिला दात आला ते दहावीत किती टक्के पडले ते सगळं सगळ्यांचं असतं, त्यामुळे एखादी गोष्ट तिची एकटीची असू शकते हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

फक्त चित्रकलेचं बंद करा. खोटं सांगायची गरज नाही, 'आमचं दोघींचं बुधवारी काम असतं' एवढं पुरे. लोक चार वेळा विचारतील आणि सोडून देतील.

माजघर

कोथरूडकर, तुमच्याकडे दार लावता येत असेल हो, पण यांच्या घरात चार वेळा विचारून कोणी सोडत नाही, मला माहितीये कारण मी तसल्याच घरात वाढलेय. नारायण पेठ, अकरा माणसं, दोन खोल्या आणि एक माजघर. ताई हे जरा सविस्तर लिहिते कारण तुमच्या लेकीच्या जागी मी होते.

2004, मी दहावीत. मला असंच व्हायचं, नाव माहीत नव्हतं कुणालाच. एकदा जेवताना झालं आणि सगळ्या घराने पाहिलं, त्यामुळे लपवायचा प्रश्नच नव्हता. मोठ्या काकूने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, आजोबांनी रामरक्षा म्हणायला लावली, आत्याने फोनवर सांगितलं की लोह कमी आहे बीट द्या, मग तीन आठवडे मी बीट खाल्लं. एका काकांनी माझी खुर्ची खिडकीजवळ सरकवली कारण हवा लागेल. कुणीही वाईट वागलं नाही, हे नीट सांगते, एक माणूस वाईट वागला नाही. पण माझं जेवण म्हणजे अकरा जणांनी माझ्या चेहऱ्याकडे बघणं झालं. "आज कसं वाटतंय गं?" दिवसातून पंधरा वेळा. मला अटॅकची भीती कमी आणि अटॅक आला तर आता या सगळ्यांना काय वाटेल याची भीती जास्त वाटायला लागली, आणि त्या भीतीनेच पुढचा यायचा. मी संडासात जाऊन बसायचे कारण कडी असलेली तेवढी एकच जागा होती.

आणि तरी मी त्यातून निघाले तेही त्याच घरामुळे. माझी चुलत बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तिने काहीच विचारलं नाही कधी. पण मी उठून गेले की दोन मिनिटांनी ती जिन्यात येऊन बसायची, हातात काहीतरी काम घेऊन, कधी वालाच्या शेंगा निवडायला, कधी कुणाच्या शर्टाचं बटण. बोलायची नाही. मी पण दोन शेंगा घ्यायचे. अख्ख्या घरात एक माणूस असा होता ज्याच्यासमोर मला बरं असल्याचं दाखवावं लागत नव्हतं.

खूप वर्षांनी मला एक कळलंय ते सांगते. आपल्या घरांमधे माणसाला बातमी कळली आणि तो गप्प बसला असं होतच नाही, बातमी कळली की हात शिवशिवतात, काहीतरी करायलाच हवं. त्यांना काही करायला दिलं नाही तर ते आपल्या मनाने करतात, म्हणजे बीट. म्हणून बातमी देताना तिच्याबरोबर काम पण द्या, आणि खरं तर बऱ्याच जणांना नुसतं कामच द्या. दिरांना सांगा बुधवारी सहाला गाडी लागते ती मोकळी ठेवा. जाऊबाईंना सांगा बुधवारी संध्याकाळचा स्वयंपाक तुमच्याकडे. पुतण्याला सांगा बहिणीला गणितात दोन धडे समजावून दे, पण पेपरबद्दल बोलायचं नाही. काय झालंय ते प्रत्येकाला कळायची गरज नाहीये, काय करायचं ते कळलं की माणसं शांत होतात. आणि ज्या एका माणसाला खरं सांगायचंय तो माणूस लेकीने निवडायचा, तुम्ही नाही.

सरळ_बोलतो

मोबाईल किती वेळ असतो तिच्या हातात? आधी तो काढून घ्या. एवढी माणसं घरात असताना मुलांना असं होतं म्हणजे लक्ष दुसरीकडे आहे. आम्ही भावंडं अशीच वाढलो, कुणाला काही झालं नाही.

पेठेतली_आई

तिच्याकडे स्वतःचा मोबाईल नाही. आणि काही झालं नाही असं आमच्या घरात पण सगळे म्हणायचे, काका तेव्हा येरवड्याला होते.

माजघर ताई, तुमचं दोनदा वाचलं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही पण उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ तिथेच होता.

समुपदेशक_सिंहगड_रोड

मी 12 वर्षं या कामात आहे, मुलांबरोबरच जास्त. तुमच्या मुलीला न भेटता तिच्याबद्दल काही बोलणार नाही, तिच्या मॅडम आहेत त्यांनाच विचारा, पण काही गोष्टी सगळ्यांनाच उपयोगी पडतील.

पहिलं म्हणजे ती नाटक करत नाही. शरीराचा धोक्याचा भोंगा आहे, तो चुकून वाजतो. घाबरलं की श्वास भराभर चालतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळेच बोटांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिर वाटतं, डोकं हलकं होतं. मग मुलाला वाटतं काहीतरी भयंकर होतंय, भीती अजून वाढते, श्वास अजून वाढतो. साधारण 10 मिनिटांत हे शिगेला पोचतं आणि ओसरतं. भयानक वाटतं पण त्याने जीव जात नाही. तुम्ही ईसीजी आणि रक्त आधी तपासलंत ते बरोबर केलंत, थायरॉइड किंवा हिमोग्लोबिनची गडबड असली तरी अशीच धडधड होते.

त्या वेळी घरच्यांनी काय करायचं, तर फार काही नाही. शेजारी बसायचं, आवाज खाली ठेवायचा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव एवढंच सांगायचं आणि ते स्वतः करून दाखवायचं. गर्दी नको, पाच जणांनी पाच ग्लास पाणी आणायला नको. 'काही नाही झालं तुला' असं म्हणू नका, तिला झालंय. 'होतंय, आणि आत्ता जाईल' हे म्हणा.

आणि जिथे झालं ती जागा टाळायला देऊ नका. हे एकत्र कुटुंबात फार होतं कारण प्रेम करणारी माणसं जास्त. आजी म्हणते राहू दे आज शाळा, काका म्हणतात बाजारात मी जातो, आणि प्रत्येक वेळी मूल सुटतं आणि भीती मोठी होते. तुमच्या घरी कुणाला सांगणार असाल तर ही एक गोष्ट जरूर सांगा, कारण न सांगता त्यांना हे कळणं शक्य नाही.

चित्रांबद्दल. मॅडमना सांगितलंत का हे? नसेल तर पुढच्या बुधवारी सांगा. मुलं आपल्या शब्दांपेक्षा आपण काय लपवतो त्यावरून शिकतात. पायाला प्लास्टर असतं तर तुम्ही क्लास म्हणाला नसता, हे तिला कळतं. पण कोथरूडकर म्हणतात तेही खरं आहे, लपवणं आणि खाजगी ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाजगी काय ठेवायचं ते ती ठरवते. लपवायला आपण लावतो. बऱ्याच जणी एक सेशन घरच्या मोठ्यांबरोबर घेतात, मुलाची परवानगी घेऊन, मी तर आजी-आजोबांना आवर्जून बोलावते.

तुम्ही एकट्या आहात असं वाटत असेल तर सांगते, 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, जे बंगळुरूच्या निम्हान्सने केलं होतं, 13 ते 17 वयाच्या मुलांमधे मानसिक आजाराचं प्रमाण 7.3 टक्के निघालं होतं. चाळीस मुलांच्या वर्गात तिघंजण होतात हिशोबाने, फक्त बाकीच्या दोघांच्या आया पण काहीतरी क्लास सांगत असतील.

वाचणाऱ्या इतरांसाठी: दर महिन्याची फी परवडत नसेल तर ससूनमधे मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, मोफत आणि मराठीत बोलता येतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, नंबर विचारायला संकोच करू नका.

नातवंडांची_आजी

माझं वय 71. सून टाइप करून देते आहे, बोलते मी.

माझ्या नातवाला असंच काही होतं, त्याला दोन वर्षं डॉक्टरांकडे नेत होते आणि मला सांगत होते की टेबल टेनिसला जातो. मी त्याला रोज विचारायची, जिंकलास का रे. आता आठवलं की वाटतं त्या लेकराला किती जड जात असेल. मला कळलं ते सोसायटीतल्या बाईकडून. राग आला नाही पण वाटलं, मी याला न्हाऊमाखू घातलं, रात्र रात्र मांडीवर घेऊन बसले आणि मी आता बाहेरची झाले. तुमच्या सासूबाईंनी दिराचं सगळं पाहिलेलं आहे 1983 ला. त्या घाबरतील, पण घरात नवं काही पाहताहेत असं समजू नका. त्यांनी तेव्हा डबा नेला असेल येरवड्याला, विचारा त्यांना. आम्हाला कुणी विचारत नाही.

एक मात्र सांगते. आमच्या पोटात राहत नाही. ते खरं आहे.

पेठेतली_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत म्हणून काय झालं ते सांगायलाच हवं.

मॅडमना चित्रांचं सांगितलं. त्यांनी लेकीलाच विचारलं की घरात कुणाला कळलेलं चालेल. तिने वेळ घेतला, एक आख्खा आठवडा, आणि मग म्हणाली आजीला सांग, पण 'आजारी' म्हणायचं नाही आणि काकूला आत्ता नको. मला वाटलं होतं चुलत भावाचं नाव घेईल.

मी आणि नवऱ्याने मिळून सांगितलं, दुपारी, जाऊबाई भिशीला गेल्या होत्या तेव्हा. सासूबाई आधी गप्प, मग डोळ्याला पदर. मग त्यांनी काकांचं काढलं. नातवंडांची आजी, तुम्ही म्हणालात तसंच, दर रविवारी दोन बस बदलून डबा घेऊन जायच्या, गूळपोळी आणि लोणचं, सासऱ्यांना न सांगता, आणि सासरे पण वेगळे जायचे त्यांना न सांगता. हे नवऱ्याला 45 वर्षांत पहिल्यांदा कळलं. तो म्हणाला आई तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस, तर म्हणाल्या, "तुम्ही लहान होतात. आणि मग तुम्ही मोठे झालात."

आता वाईट भाग. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिंचवडहून नणंदेचा फोन, पोरीला काय झालं म्हणे. लेकीने ऐकलं. दोन दिवस कुणाशी बोलली नाही, माझ्याशी सुद्धा, आणि त्यातल्या एका रात्री अटॅक पण आला, बऱ्याच दिवसांनी. मला वाटलं संपलं, आपण चुकलो. त्या रात्री सासूबाई उठून तिच्याजवळ येऊन बसल्या, मी दारात होते, मी समुपदेशक ताईंनी सांगितलेलं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्या फक्त लांब श्वास सोडत राहिल्या, फुंकर घालावी तसा, चुलीवर घालतात ना तसा. लेक त्यांच्याकडे न बघता हळूहळू तसाच सोडायला लागली. ओसरल्यावर म्हणाली, "तू आत्याला सांगायला नको होतंस." सासूबाई म्हणाल्या, "हो. चुकलं माझं." एवढंच. मी 16 वर्षांत त्यांना असं कुणाला म्हणताना ऐकलं नव्हतं.

नणंदेला नवऱ्यानेच फोन करून सांगितलं की पुढे कुणाला बोलू नकोस. माजघर ताईंचा कामाचा उपाय दिरांवर आणि पुतण्यावर केला, काहीही न विचारता करताहेत दोघं. जाऊबाईंना अजून सांगितलेलं नाही आणि ते मला टोचतं, त्यांना वाटतंय की बुधवारी मी स्वयंपाक टाळतेय, परवा भांडी जरा जोरात आपटली. लेकीला विचारलंय, ती म्हणते थांब. थांबतेय.

या बुधवारी आम्ही निघालो तर जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या, कुठे दोघी, आज पण क्लास का. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात वरून सासूबाईंचा आवाज, "काम आहे त्यांचं. जाऊ द्या त्यांना, उशीर होतोय."

पार्कात थांबलो नाही. थेट घरी आलो.

आता पुढचं विचारायचंय, शाळेचं. सहामाही जवळ आलीये आणि पेपरच्या वेळी पाच मिनिटं बाहेर जाऊन यायची परवानगी लागेल. वर्गशिक्षिका त्याच आहेत ज्या म्हणाल्या होत्या नाटक करते. मॅडम चिठ्ठी द्यायला तयार आहेत, पण चिठ्ठीत नेमकं काय लिहावं म्हणजे काम होईल आणि स्टाफरूममधे चर्चा होणार नाही? कुणी हे केलंय का?

माजघर

चिठ्ठीत आजाराचं नाव नको, 'वैद्यकीय कारणास्तव परीक्षेदरम्यान पाच मिनिटांची विश्रांती आवश्यक' एवढंच, आणि ती वर्गशिक्षिकांना नाही, थेट मुख्याध्यापकांना द्या, पोच घ्या. माझ्या भाचीसाठी असंच केलं होतं. आणि लेकीला सांगा जिन्यातल्या मावशीने विचारलंय.